जागेवर उभी राहून पळणारी गाडी

सगळी नोकरी खून-दरोड्यांत गेली, पण आजही मनातून जात नाही ती कुपवाडची पेट्रोलचोरी.

मी तेव्हा निवृत्तीला टेकलेला पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे एका छोट्या कारखान्यातले कामगार तक्रार अर्ज घेऊन उभे राहिले. आवारात लावलेल्या मोटारसायकलींतलं पेट्रोल कोणीतरी काढतंय. त्यांचा म्होरक्या लेथ मशीनवर काम करणारा, म्हणजे लेथवाला. आपल्याकडचा माणूस लग्नाचा वाढदिवस विसरेल, पण गाडीचं अॅव्हरेज विसरणार नाही. याचं अॅव्हरेज पडलं होतं आणि चेहरा असा, की घरात सुतक असावं.

खबऱ्याने लगेच बातमी दिली, तिथल्या एका हेल्परच्या पिशवीत प्लास्टिकची नळी आहे. कारखान्याच्या मालकाला तेवढं पुरे झालं. शनिवारी हेल्परला कामावरून काढायचं ठरलं. गड्याचं लग्न नुकतंच झालेलं. चौकशीला बोलावलं तेव्हा घाबरून नळी हातात घेऊनच आला.

"साहेब, कूलरमदी पानी भराय घेतलीया नळी. आईशप्पत!"

नळीला पेट्रोलचा वासही नव्हता. घाबरतो चोरही, पण त्याची नजर आधी दाराकडे जाते. हा माझ्या बुटांकडे बघत होता. त्याला मी घरी पाठवलं आणि लेथवाल्याला सांगितलं, "सकाळी गाडी लावताना मीटर बघ, सुट्टी झाल्यावर पुन्हा बघ."

दुसऱ्याच दिवशी तो धापा टाकत आला. "साहेब, गाडी जाग्याव हुबी हाय आन् पंचवीस किलोमीटर पळलीया!"

म्हणजे पेट्रोल कोणी काढत नव्हतं, जाळत होतं. जाऊन-येऊन पंचवीस, तर एका बाजूने साडेबारा. मी नकाशावर कंपासने गोल काढायला निघालो, तशी आमची महिला कॉन्स्टेबल हसली. "सर, गाडी रस्त्यानं जाते, पट्टीनं नाही." तिने संगणकावर नकाशा उघडला, कारखान्याचं फाटक मध्ये धरलं आणि रस्त्याच्या अंतराने रंगीत पट्टे काढले. मोठ्या रस्त्याकडे ते लांबले, जिथे नदीला पूल नाही तिथे आखडले. साडेबाराच्या पट्ट्यात मोजकीच गावं उरली. हेल्पर तर कारखान्याच्या पाठीमागेच राहायचा. त्या गावांत राहणारा कारखान्यातला माणूस एकच निघाला, फाटकावरचे पहारेकरी आबा. माजी सैनिक. टेम्पो आला की गाड्या हलवाव्या लागत, म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या त्यांच्याच केबिनमध्ये टांगलेल्या असत.

आबांना विचारलं. ते सावधानमध्ये ताठ उभे राहिले. "आपन न्हाई, साहेब." मी जोर केला नाही. त्यांना जीपमध्ये घेतलं आणि त्यांच्या गावी गेलो.

दारातच खाटेवर आबांच्या पत्नी होत्या. साखरेच्या आजाराने दोन्ही डोळे गेलेले. आबा माझ्यामागे उभे. आबा दिवसा घरी असतात का, असं मी विचारलं.

"दुपारी येत्यात की. भाकरी कुस्करून चारत्यात आन् जात्यात माघारी." मग अभिमानाने म्हणाल्या, "लय गाड्या हायत आमच्या मालकांच्या. रोज येगळी वाजती!"

आबांची मान खाली गेली.

बाहेर आल्यावर म्हटलं, "आबा, मागायची होती गाडी."

"फौजेत कवा सवलत मागितली न्हाई, साहेब. हितं कसं त्वांड उघडू?"

दुसऱ्या दिवशी आबांनी कारखान्यात सगळ्यांसमोर कबुली दिली. हेल्परपुढे हात जोडले, तर त्याने ते धरून खाली केले. त्याची नोकरी वाचली. आता लेथवाला भडकणार म्हणून मी पुढे झालो. त्याने केबिनमधून आपली किल्ली आणली आणि आबांच्या हातावर ठेवली.

"आबा, दुपारची गाडी हीच. फकस्त गेर येळेवर टाकत जावा, अॅव्हरेज पडतंय."

अर्ज कामगारांनी मागे घेतला, मी निकाली काढला. माणूस किती लांब गेला ते कळलं की तपास संपला, असं मी पुढे कधी मानलं नाही. कोणाकडे गेला होता, हेही विचारत राहिलो.

बऱ्याच दिवसांनी आबा फाटकावर भेटले. हसत म्हणाले, "साहेब, आमची मंडळी काळजीत पडलीया. म्हनती, आवं, आता एकच गाडी वाजती. बाकीच्या इकल्या व्हय?"