श्रावणीचा खोडलेला निबंध

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही — ज्यांच्या संपाच्या पत्रकांवर बोट ठेवून मी वाचायला शिकले. छापायचं ते खरं छापायचं, एवढाच एक संस्कार आमच्या घरात होता.

श्रावणी दहावीत होती. घरी तेलुगू, शाळेत मराठी. तिची आई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायची. मी श्रावणीला एकटीलाच शिकवायचे — उतारा वाचून उत्तरं लिहिणं आणि निबंध. फुकट. हे ‘फुकट’ मी चारचौघांत सांगायचेही.

मला तिचा वैताग यायचा. गिरणीवरचा उतारा दिला, की श्रावणी उत्तरं आईच्या कारखान्यातून आणणार! मी ओरडायचे, “उताऱ्यात आहे तेवढंच लिही गं. बाहेरचं नको.”

“पण अक्का, हे खरं हाय की!”

“असेल खरं. मार्क मिळणार नाहीत.”

हे मी म्हणाले. मी!

मग ती स्पर्धा आली. ‘श्रमाचे मोल’ या विषयावर शाळा एकाच मुलीचा निबंध पाठवणार होती. श्रावणीच्या आईनं ठरवून टाकलं होतं — शाळेतल्या मराठीच्या बाईंनी नाव पाठवलं तर अकरावीला घालायचं, नाहीतर आपल्या शेजारच्या मशीनवर बसवायचं. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

तिनं लिहिलं, “आई घरीपण ओरडून बोलते. ती रागावलेली नसते. दिवसभर मशीनच्या आवाजात तिला तसंच बोलावं लागतं.”

आणि मला ते — कसं सांगू — फिकं वाटलं. यात शोषण कुठंय? ललकारी कुठंय? मी लाल पेनानं अख्खं पान खोडलं आणि माझं सांगत सुटले. घामातून उगवणारी पहाट, मुठी आवळलेला सर्वहारा. ती मुकाट्यानं लिहीत गेली.

त्याच आठवड्यात मी त्या शाळेच्या फाटकावर पत्रकं वाटली होती. कशाविरुद्ध? मुलांना आयते निबंध देणाऱ्या शिकवणीवाल्यांविरुद्ध. तिच्या बाईंना ते पत्रक इतकं आवडलं, की त्यांनी ते सूचनाफलकावर लावलं.

निबंध वाचून बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. वही पुढं सरकवून मला विचारलं, “हे हिनंच लिहिलंय?”

‘नाही, मीच सांगून लिहून घेतलं’ — एवढंच म्हणायचं होतं. निबंध पाठवायला अजून दोन दिवस हातात होते. तिला पुन्हा लिहिता आलं असतं. काय गेलं असतं माझं? फलकावरचा एक कागद.

“मी फक्त शुद्धलेखन तपासलं, बाई.”

श्रावणीनं माझ्याकडं पाहिलं. बाईंनी तिला ‘सर्वहारा’चा अर्थ विचारला. तिला येईना. कसा येणार? मी तो सांगितलाच नव्हता.

“उतरवलंस ना?”

“व्हय, बाई.”

कुठून, ते तिनं सांगितलं नाही. नाव दुसऱ्या मुलीचं गेलं.

जिन्यात मी तिलाच विचारलं — हो, वर तिलाच — की खरं का नाही सांगितलंस? ती पुढं बघतच पायऱ्या उतरत होती.

“उताऱ्यात हाय तेवढंच सांगायचं, बाहेरचं नको. तुमीच शिकवलंय की, अक्का.”

निबंध माझा होता. खोटं मी बोलले. शिक्षा तिला झाली.

आता ती आईच्या शेजारच्या मशीनवर बसते. मागच्या महिन्यात भाजी घेताना समोर आली. “अक्का, बऱ्या हाव का?” तिनं ओरडून विचारलं. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

मी काहीतरी पुटपुटले. तिला ऐकू आलं नाही. मी पुन्हा मोठ्यानं बोलले नाही.