तळपायाचा ठिपका

माझ्या थोरल्या जावेचा मला हेवा वाटतो. तिचं लेकरू गेलं, माझं जितं हाय, तरी वाटतो. असं कुणापुढं बोलले तर बाया थुंकतील माझ्यावर. पर लिहाया बसलेच हाय तर खरं तेच लिहिते, पोर झोपली हाय तवर. उठली की बंद.

मी नांदेडची. बाप तिथं गिरणीत कामाला व्हता म्हणून मला शाळेचं तोंड दिसलं. तिसरीपर्यंत, मराठी बी आन् उर्दू बी, सरकारदरबारी उर्दूच चालायची. मग आई वारली, शाळा सुटली, आन् मला चाकुराकडल्या ह्या गावात दिली. गावकुसाच्या बाहेर आमची आळी. आख्ख्या आळीत अक्षर वळखणारी बाई मी एकटी, त्याचा मला तोरा व्हता, खोटं कशाला बोलू. जाऊबाईला अक्षर येत न्हाई. पर ती बोलाया लागली की बाया हातातलं काम सोडून बसतात. मी बोलाया लागले की त्यांना कामं आठवतात.

आमच्या आळीच्या मागं सरकारची वेठ व्हती. साहेबाचा दौरा आला की आमराईत तंबू पडायचे आन् चावडीवरनं हाळी यायची. घरटी एक बाई. तंबूतली भुई सारवायची, दळायचं, घोड्यांची लीद काढायची, दिवस बुडस्तोवर. मजुरी न्हाई, भाकर न्हाई. आन् लेकरू संगं आणायचं न्हाई, रडण्यानं साहेबाला तकलीफ हुती. मग अंगावरच्या लेकराचं काय करायचं? अफू. मोहरीएवढी गोळी दुधात उगाळायची आन् करंगळीनं चाटवायची. लेकरू दिवसभर निजून राहायचं. कुणाला चाटवली ते मागं राहिलेल्या बाईला कळावं म्हणून लेकराच्या तळपायाला काजळाचा ठिपका लावायचा. ठिपका हाय, मंजे दिली. ठिपका न्हाई, मंजे द्यायची. साऱ्या आळीची हीच रीत.

दिवाळीच्या मागून दौरा आला तवा मी बाळंतीण. आई न्हवती म्हणून बाळंतपण सासरीच झालं, अंग अजून ओलं व्हतं, म्हणून आमच्या घरची पाळी जाऊबाईवर आली. तिचं पोरगं रांगायला लागलेलं. काय गुटगुटीत व्हतं! माझी पोर मंजे चिमणीचं पिल्लू, नुसती चोच. जाऊबाईनं पहाटंच पोराला चाटवली, ठिपका लावला आन् गेली. ऊन वर आल्यावर पोरगं जरा कण्हलं म्हणून आत्याबाईनं, मंजे आमच्या सासूनं, त्याला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. न्हाऊ घालताना तळपाय चोळले. मी पोत्याच्या पडद्याआड पडलेली, मला निस्ता आवाज यायचा. आत्याबाई आपल्याशीच म्हणल्या, ‘ठिपका न्हाई. घाईत राहिलं वाटतं द्यायचं.’ मग अफूची डबी उघडल्याचा आवाज आला.

सांजच्याला जाऊबाई आली ती दारातनंच छातीचा पदर सोडवत आली, दूध दाटलं व्हतं. पोरगं उठंना. हलवलं, चिमटा काढला, पाणी मारलं. उठलंच न्हाई.

त्या हबकीनं माझं दूध आटलं. तिचं आटायला पाहिजे व्हतं, पर आटलं माझं. तिला धार लागलेली. चोळी भिजायची, मग ती परसात जाऊन लिंबाच्या बुडाशी पिळून यायची. माझी पोर उपाशी किंचाळायची आन् तिकडं लिंब दूध पिऊन राहिलेला.

आत्याबाई एक दिवस म्हणल्या, ‘अगं, तिच्याकडं दे की. घरचं दूध मातीत चाललंय.’

मी म्हणलं, ‘न्हाई.’

‘का गं? चुलती हाय, परकी हाय का?’

‘मी शेळीचं पाजीन.’

जाऊबाई चुलीपुढं व्हती. तिनं नुसता जाळ सारला. मला भ्याव वाटायचं. एकदा का पोरीला तिची गोडी लागली की माझ्याकडं बघंल का? तिच्याकडं सगळंच जातं. आत्याबाई पहिली भाकर तिच्या ताटात टाकतात. बाया पाणवठ्यावर तिला आधी जागा देतात. ह्यांनी, मंजे माझ्या घरच्यांनी सुद्धा बाजारातनं चोळीचा खण आणला तो ‘वहिनीला बिचारीला’ आणला. आन् आता माझी पोर बी? म्हणून शेळीचं पाजायचे. पोरीला पचायचं न्हाई. वकायची. रोज तिच्या बरगड्या बोटानं चाचपायचे आन् रोज मनात म्हणायचे, उद्या माझं दूध उतरंल.

संक्रांतीच्या सुमाराला नांदेडहून एक ताई आली. धवळं लुगडं, पायात चपला, आमच्याच जातीची, पर बोलणं शाळेतल्या बाईवानी. आमच्या ओसरीवर बसली, आमच्या लोट्यानं पाणी प्याली. म्हणली, ‘बायांनो, वेठ मोडायची तर आधी वेठीत काय भोगलं ते बोललं पाहिजे. एका गावचं दुसऱ्या गावाला कळलं पाहिजे. लातूरला सभा आहे. कोण सांगेल?’

साऱ्या माझ्याकडं बघाया लागल्या, मी शिकलेली म्हणून. माझं काळीज असं उडालं, भ्यावानं बी आन् आनंदानं बी. उठले, पदर खवला, आन् शाळेत शिकवलेलं जसं आठवंल तसं बोलले, ‘आम्हा अबला भगिनींवर घोर अन्याय होत असून...’

पलीकडची म्हातारी माझ्या जावेला म्हणली, ‘हे कुणाच्या गावचं सांगून राहिली गं?’

बाया फिसकन हसल्या. माझे कान तापले. ताई हसली न्हाई, पर तिची नजर माझ्यावरनं सरकली, जाऊबाईवर गेली. जाऊबाई बसल्या जागेवरनंच बोलली. जोरात बी न्हाई. करंगळी अशी पुढं धरली आन् म्हणली, ‘ह्या बोटानं चाटवली मी. गोड लागावी म्हणून गूळ लावला व्हता. पोरगं बोट सोडीना.’

बस. मग कुणाला हसू आलं न्हाई. ताईनं तिला पोटाशी धरलं. मी उभीच व्हते, मला बस म्हणणारं कुणी न्हाई.

लातूरला ती जाणार ठरलं, आन् तिला शहराची सवय न्हाई म्हणून संगं मी! बैलगाडीत साऱ्या वाटंनं पोर माझ्याच मांडीवर. ती म्हणली, ‘धाकटे, पाय आखडले असतील, दे पोर जरा.’ म्हणलं, ‘झोपलीय.’ न्हवती झोपली, डोळे टकाटका उघडे.

लातुरात बाजारात हाटेलवाल्यानं वरनं पाणी वतलं, आम्ही वंजळ धरली, ते रोजचंच. सभेला लई बाया. उदगिराकडल्या, निलंग्याकडल्या, औशाच्या. जाऊबाई उभी राहिली. तेच सांगितलं, बोट, गूळ, ठिपका. पर आत्याबाईचं नाव काढलंच न्हाई. म्हणली, ‘न्हाऊ घालताना ठिपका पुसला, म्हणून दुसऱ्यांदा चाटवली. चूक कुणाचीच न्हाई. दोन्ही हात मायेचे व्हते. पर दोन्ही हातांना अफू कुणी धराया लावली, ते इचारा.’

सभेतल्या बाया पुढं सरकून बसल्या. मला आतनं जळालं. एवढं मोठं मन कुठनं आणलं हिनं? मी असते तर आत्याबाईचं नाव वेशीवर टांगलं असतं. मग एकेक बाई उठाया लागली. एकीची पोर तशीच गेलेली. एकीचं लेकरू उठलं, पर तवापासनं नजर ठरत न्हाई. एक म्हातारी म्हणली, ‘मला वाटायचं माझ्याच हातानं पाप झालं. चाळीस वरसं कुणाला बोलले न्हाई गं बायांनो.’ तिथंच ठरलं. आता दौरा आला की लेकरू संगं न्यायचं. जागं. बिनठिपक्याचं. रडू द्यायचं.

शिमग्याच्या आधी हाळी आली. ह्या येळंला पाळी माझी.

हे म्हणले, ‘पोरीला घेऊन जाऊ नको. साहेबाला राग आला तर मला चावडीत कोंडतील.’

मी म्हणलं, ‘मग चाटवू का?’

ते उठून ओसरीवर गेले. आत्याबाईनं कनवटीची अफूची डबी चाचपली, काढली न्हाई. मी पोर उचलली. तवा जाऊबाई उठली, डोक्यावरनं पदर घेतला. ‘मी येते संगं,’ म्हणली. ‘माझी पाळी न्हाई, तरी येते.’ आन् माझ्याकडं हात केले. ‘आन पोर. तुझे हात कापून राहिलेत, पाडशील.’

खरंच कापत व्हते. दिली. पहिल्यांदा दिली.

आमराईत गेलो तर आळीच्या साऱ्या लेकुरवाळ्या आलेल्या, ज्यांची पाळी न्हवती त्या बी. कुणाच्या कडेवर, कुणाच्या पाठीवर. लेकरं काय रडायला लागली! एकाचं बघून दुसरं, दुसऱ्याचं बघून तिसरं. घोडी सुद्धा कान टवकारून राहिली. आन् माझी पोर? साऱ्या आळीत रडकी म्हणून नावाजलेली माझी पोर जावेच्या कडेवर हसून राहिलेली! तिच्या गळ्यातला मणी तोंडात घालून.

जाऊबाई तिला हलवत म्हणली, ‘रड की गं माय. आज तुझ्या रडण्याचं काम हाय, आन् आजच बरी शहाणी झालीस.’ बाया त्या भ्यावात बी हसल्या. मला हसू आलं न्हाई. माझ्याकडं कवा अशी हसली न्हाई.

तंबूतनं साहेबाचा कारकून, पेशकार, बाहेर आला, मागं काठीवाले दोन जवान. ‘ये क्या तमाशा है? बच्चे क्यों लाए?’ बायांनी लेकरं आवळून धरली. तो नेमका जाऊबाईपुढं थांबला. काठीनं पोरीकडं दाखवलं. ‘किसका बच्चा है ये?’

ती मराठीतच बोलली. ‘हिचं हाय. माझं मागल्या दौऱ्याला गेलं, तुमची भुई सारवताना.’ आन् पोरीचा तळपाय उचलून त्याच्यापुढं धरला. ‘बघा. ठिपका न्हाई. आता लावायचा न्हाई.’

पेशकाराला काय कळलं न्हाई. त्यानं जवानाकडं बघितलं, जवानानं खांदे उडवले. साऱ्या बाया जाऊबाईकडं बघून राहिल्या, आन् जाऊबाई माझ्याकडं. तिच्या तोंडावर पहिल्यांदा दिसलं, की हिच्याजवळ बी शब्द संपतात. मग मी बोलले. शाळेतली उर्दू, मोडकी-तोडकी, एका दमात, ‘साब बच्ची दूध पीती है, माँ इधर आती तो अफू देते, अफू से इसका बेटा मर गया साब, अब नहीं देंगे, बच्चा छोड़ के नहीं आएंगे, मारो तो मारो.’

मारो कशाला म्हणले कोण जाणे, ते तोंडातनं गेलं. मला वाटलं आता काठी पडती. पेशकार माझ्याकडं बघत राहिला. आतनं साहेबाचा आवाज आला, शोर बंद करा म्हणून. पेशकारानं हात झटकला. ‘दूधवाली औरतें जाओ. बाकी ठहरो. जाओ, जल्दी!’

बाकीच्या बाया राहिल्या दिवसभर. वेठ मोडली न्हाई, हे बी लिहिते. ह्यांना दुसऱ्या दिवशी चावडीपुढं उन्हात उभं केलं. पर त्या दिवशी आमच्या आळीत एका बी लेकराच्या पायाला ठिपका न्हवता.

परतताना बाया म्हणत व्हत्या, ‘थोरलीनं तळपाय काय दाखवला, पेशकाराची बोलतीच बंद!’ माझ्या उर्दूचं कुणी नाव घेतलं न्हाई. मी मागं मागं चालले. वढ्यापाशी पोरीला भूक लागली आन् मग ती रडली, रडायची तवा न्हाई रडली ती, आता ही काळीनिळी पडोस्तोवर. मी बाभळीखाली बसले, तिला छातीशी लावलं. काही न्हाई. भ्यावानं व्हतं ते थेंबभर बी गेलं. पोरीनं तोंड सोडलं, मुठी आवळल्या, आवाज सुद्धा घोगरा झाला.

वर बघितलं तर जाऊबाई पाठ करून उभी. रडणं ऐकून तिची चोळी भिजली व्हती, वघळ पोटापर्यंत आलेला. ती मागत न्हवती. तिनं मागितली असती तर मी दिली नसती, हे मला पक्कं ठावं हाय. ती नुसती वढ्याकडं बघून राहिलेली आन् पदर छातीशी दाबून धरलेला.

मी म्हणलं, ‘जाऊबाई. घ्या.’

ती वळली. माझ्याकडं बघितलं. खाली बसली आन् पोरीला घेतलं. मी दुसरीकडं तोंड केलं, पर कानांना तोंड फिरवता येत न्हाई. गटागटा आवाज यायला लागला. असा आवाज माझ्याकडं कवाच आला न्हाई. मग जाऊबाई रडाया लागली, पोरीच्या डोक्यावर टिपं पडून राहिली. ‘धाकटे,’ ती म्हणली, ‘तू बोललीस ते काय व्हतं गं? मला शिकव. उदगिराच्या सभेला जायचं तर तिथं बी लागंल.’

‘तुम्हाला न्हाई जमायचं,’ मी म्हणलं. ‘मी येते संगं. ते मी बोलंन.’

आता पोरीनं बाळसं धरलंय. बरगड्या हाताला लागत न्हाईत. माझ्याकडं पितीया जरासं, रीत म्हणून. पोटभर तिच्याकडं.

पोर उठली वाटतं. हाव, उठली. पर रडली न्हाई, जाऊबाईनं घेतली बी. मंजे अजून लिहायला वेळ हाय मला, आन् तेच सोसंना.