भेगेवरची काच

आमच्या गावातलं प्रेस्बिटेरियन चर्च स्कॉटिश मिशनऱ्यांनी काळ्या दगडात बांधलेलं आहे. टोकदार कमानी, सागवानी छत. मूर्ती नाही, चित्र नाही, समोर फक्त उंच व्यासपीठ. त्या जाड भिंतींच्या आत मला लहानपणापासून निर्धास्त वाटायचं. दगडही थकतो, हे कधी मनात आलंच नव्हतं.

यंदा मनोऱ्याखालच्या भिंतीला भेग पडली. इंजिनिअरने तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली आणि बजावलं, "भिंत सरकली तर काच तडकेल. मग आत थांबू नका."

पुढच्या रविवारी उपासनेत माझी नजर त्या काचेवरून हलत नव्हती. दुसरं गीत सुरू झालं आणि 'टक्' असा बारीक आवाज आला. काचेवर आडवा तडा गेला होता. "बाहेर चला!" मी ओरडले. सगळे धावले, पण पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या मार्थामावशी हलेनात.

"माझं लग्न इथंच लागलं," त्या म्हणाल्या. "ही भिंत मला मारायची नाही."

"मावशी, मला भीती वाटतेय. माझ्यासाठी तरी उठा."

त्यांनी माझा हात धरला. तो धरूनच त्या उठल्या आणि बाहेर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

बाहेर चिंचेखाली पाळकांनी प्रार्थना पुरी केली. भिंत पडली नाही. पण त्या प्रार्थनेत कुणीही डोळे मिटले नाहीत.