रिकामी जीप कुणी चालवून पाहिली नाही

आमची बटालियन त्या खोऱ्यात गेली तेव्हा मी हवालदार होतो, व्हेईकल मेकॅनिक. नऊ ट्रक, चार जीप, पत्र्याची एक शेड आणि दोन मदतनीस माझ्या ताब्यात होते. पोस्टपासून खालच्या फील्ड हॉस्पिटलपर्यंत चौदा किलोमीटर कच्चा रस्ता. ट्रकच्या चाकांनी त्यात दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि मधे मातीचा वरंबा उभा राहिला होता. जीप चाकोरीत उतरली की तिचे पोट त्या वरंब्याला घासायचे.

सकाळी ०५३० ला उठायचे. ०६०० ला इंजिने सुरू करून पाहायची. ०७०० ला पहिली गाडी रस्त्यावर. संध्याकाळी परत आलेल्या गाडीचे नटबोल्ट, तेल आणि टायर तपासून वर्क शीटवर सही करायची. सही झाली की गाडी फिट. सैन्यात सहीला फार किंमत असते आणि ती करायला दोन सेकंद लागतात.

सप्टेंबरच्या अखेरीस इन्स्पेक्शन ठरले. एमटी, म्हणजे मोटर ट्रान्सपोर्ट, ज्यांच्याकडे होते ते मेजरसाहेब शेडमध्ये आले.

"जीप उंच करा. चारही. रांगेत उभ्या केल्या की दिसल्या पाहिजेत."

"सर, शॉक ॲब्सॉर्बर लांब लागतील. इंडेंट टाकून वरून मागवावे लागतील."

"किती दिवस?"

"दोन-तीन महिने, सर."

"आहेत तेच ठेवा. दहा दिवस आहेत तुमच्याकडे."

हुकूम वाईट नव्हता. वरंबा खरोखरच त्रास देत होता. मी प्रत्येक कमानीत दोन जादा पाटे घातले. भंगारात निघालेल्या गाड्यांचे पाटे होते, ताठ आणि जाड. जीप चार बोटे वर उठल्या. शॉक ॲब्सॉर्बर जुन्याच लांबीचे राहिले.

ज्यांनी गाडीखाली कधी वाकून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. कमानीचे पाटे गाडीचे वजन उचलतात आणि खड्ड्यात चाक खाली-वर होऊ देतात. शॉक ॲब्सॉर्बर त्या हालचालीला आवर घालतो. गाडी उंच केली की तो आधीच ताणलेला राहतो. चाक खड्ड्यात उतरले की त्याची लांबी संपते आणि तो सगळ्या गाडीला खाली ओढतो. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येतो. शिवाय पाटे जादा असतील तर कमान दबतच नाही. गाडी रुबाबदार दिसते आणि आत बसलेल्या माणसाचे मणके मोजले जातात.

हे मला माहीत होते. तरी मी फिट लिहिले, कारण टेस्ट पास झाली. आमची टेस्ट नेहमी फुल लोडवर असायची. मागे वाळूच्या दहा गोण्या, पुढे ड्रायव्हर आणि सहड्रायव्हर, शेडभोवती दोन किलोमीटरची फेरी. वजनाखाली पाटे दबले, शॉक ॲब्सॉर्बर मधल्या लांबीवर आले, गाडी शांत चालली. रिकामी गाडी चालवून पाहायची पद्धतच नव्हती. भार पेलला म्हणजे गाडी उत्तम, असे आम्हाला शिकवले होते आणि आम्ही ते पुढच्यांना शिकवत होतो.

तक्रार एकाच माणसाने केली. लान्स नाईक रमेश पगारे, माझ्याच जिल्ह्यातला, कन्नड तालुक्यातला. दुसऱ्या नंबरची जीप तो चालवायचा. जीप उंच झाल्याच्या तिसऱ्या दिवशी तो चावी बोटात फिरवत शेडमध्ये आला.

"उस्ताद, ही जीप हाय का बकरी? रिकामी असली की लई उड्या मारती."

"लोड टाकून पाहिली आहे. ठीक आहे."

"लोड मी कवा नेतो? मी साहेबांना नेतो अन् डाक आणतो. साहेब काय धा गोण्यांचे हायेत व्हय?"

मदतनीस हसले. मीही हसलो.

"इन्स्पेक्शन होऊ दे. मग एकेक पाटा काढू."

"तवर माझी कंबर राहिली पायजे जाग्यावर," असे म्हणून तो गेला. पुढच्या चार दिवसांत त्याने दोनदा पुन्हा सांगितले. मी वर्क शीटवर त्याची तक्रार लिहिली नाही. लिहिली असती तर गाडी अनफिट झाली असती आणि रांगेत तीनच जीप उभ्या राहिल्या असत्या.

इन्स्पेक्शनच्या दोन दिवस आधी पहाटे पाऊस झाला आणि पोस्टच्या खाली दरड आली. पगारे रस्ता मोकळा करणाऱ्या तुकडीला ट्रकमधून घेऊन गेला. १०१० ला वरून आणखी एक दगड सुटला आणि त्याने पगारेला ट्रकच्या बाजूवर दाबले. त्याला स्ट्रेचरवर आणले तेव्हा तो शुद्धीवर होता. बटालियनच्या डॉक्टर कॅप्टननी दोन मिनिटांत तपासले.

"कमरेचे हाड मोडले आहे. आतून रक्त जात असणार. लवकर न्या. पण धक्का लागू देऊ नका."

ढग खाली होते, हेलिकॉप्टर मिळणार नव्हते. ॲम्ब्युलन्स दरडीतून निघालेल्या अर्ध्या रस्त्यावर मावत नव्हती. जीप मावत होती. दोन नंबरचीच जीप समोर उभी होती. तिचा ड्रायव्हर स्ट्रेचरवर होता, म्हणून मी चालवायला बसलो. नर्सिंग असिस्टंट मागे, पगारेच्या डोक्याशी. १०४० ला आम्ही निघालो.

पहिल्याच खड्ड्यात चाक उतरले आणि तो आवाज झाला. गाडी खाली खेचली गेली, मग पाट्यांनी तिला वर फेकले. मागून पगारेचा आवाज आला. तो शब्द नव्हता. मी वेग सायकलइतका केला. फरक पडला नाही. वेग कमी केला की चाक खड्ड्यात तळापर्यंत जायचे आणि शॉक ॲब्सॉर्बर दर वेळी पूर्ण ताणला जायचा.

तिसऱ्या किलोमीटरला तो म्हणाला, "उस्ताद, सांगितलं व्हतं ना."

"सांगितलं होतंस."

"आता तरी लिहा शीटवर."

नर्सिंग असिस्टंट त्याला म्हणाला, बोलू नको. त्यानंतर तो फार बोलला नाही.

सहाव्या किलोमीटरवर चेकपोस्ट होता. ११२० ला मी गाडी थांबवली. आधी चारही टायरची हवा काढली, जवळजवळ निम्म्यावर आणली. मऊ टायर खड्ड्याची धार खातो. पण खरा उपाय वजन हाच होता. चेकपोस्टच्या बंकरला वाळूच्या गोण्यांची भिंत होती. दहा गोण्या स्ट्रेचरखाली आणि मागे टाकल्या असत्या तर जीप टेस्टच्या दिवशी चालली तशी चालली असती.

चेकपोस्टवर एक नायब सुभेदारसाहेब होते. त्यांनी बंकरकडे पाहिले. भिंत आदल्या दिवशी दोरी लावून सरळ केली होती आणि कडेचे दगड चुन्याने रंगवले होते.

"परवानगी लागेल," ते म्हणाले आणि रेडिओवर गेले. "कंट्रोल, चेकपोस्ट दोन. जखमीच्या गाडीसाठी दहा सँडबॅग हव्यात, बंकरच्या मागच्या भिंतीतून. ओव्हर."

"कंट्रोल. वेट. आउट."

आम्ही थांबलो. मी घड्याळ पाहत होतो. नर्सिंग असिस्टंट पगारेची नाडी पाहत होता. सतरा मिनिटांनी उत्तर आले.

"चेकपोस्ट दोन, कंट्रोल. निगेटिव्ह. बंकरला हात लावायचा नाही. इन्स्पेक्शन परवा आहे. ओव्हर."

"रॉजर. आउट."

नायब सुभेदारसाहेबांनी हँडसेट ठेवला. रायफल भिंतीला टेकवली आणि रस्त्याकडेचे दगड उचलून जीपमध्ये टाकायला लागले. चुन्याचे, रंगवलेले. त्यांचे चार जवान आणि मी धावलो. आम्ही स्ट्रेचर उचलून धरले, खाली दगडांचा थर दिला, वर ब्लँकेटे घातली, मागच्या बाजूला जमतील तेवढे दगड रचले. ११५५ ला जीप बसलेली दिसली. पाटे दबले होते.

पुढचे आठ किलोमीटर तो आवाज आला नाही. गाडी बोटीसारखी डुलत गेली. सहा किलोमीटर मी जे केले ते किती अनावश्यक होते, हे त्या आठ किलोमीटरांनी मला दाखवून दिले. जे दगड आम्ही टाकले तसे दगड पोस्टच्या दारातही होते. सतरा मिनिटे थांबायचेही कारण नव्हते. मी परवानगीची वाट पाहिली, कारण मीही त्याच सवयीचा माणूस होतो.

१२४५ ला हॉस्पिटल आले. १३१० ला लान्स नाईक पगारे गेला.

दोन दिवसांनी इन्स्पेक्शन झाले. चारही जीप रांगेत होत्या. दोन नंबरची मी स्वतः पाण्याने धुतली, आतून. आलेले अधिकारी तिच्यापुढे थांबले, चाकाच्या वरच्या मोकळ्या जागेत त्यांनी हात घातला आणि म्हणाले, "इम्प्रेसिव्ह." मेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी सावधानमध्ये उभा होतो.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला गेला. "गाडी फिट होती?"

"फुल लोडवर फिट होती, सर."

टाइप करणाऱ्याने लिहिले : गाडी फिट होती. मी खाली सही केली. शिसारी मला मेजरसाहेबांची आली, कंट्रोलवरच्या आवाजाची आली आणि त्या सहीची सर्वांत जास्त आली.

आता मी निवृत्त होऊन जिल्ह्याच्या शहरात, गारखेड्यात राहतो. गाड्यांच्या सस्पेन्शनचे काम करतो. वाळूजच्या कंपन्यांतली पोरे पगार सुरू झाला की गाडी घेतात आणि दुसऱ्या महिन्यात ती उंच करतात. गेल्या महिन्यात एक जण आला. गाडी इतकी उंच की चढायला पायरी लावलेली.

"काका, लई आदळते. आई बसायला तयार नाय. म्हणते, यापेक्षा एसटी बरी. जरा सॉफ्ट करा. पण हाईट नका कमी करू."

"का?"

"रीलमध्ये दिसत नाय मग."

त्याने गाडी डोंगरात नेली होती का, विचारले. एकदाही नाही. शहराबाहेर पेट्रोल भरायला नेली होती. मी खाली वाकलो. कमानीखाली लोखंडी ठोकळे, वर जादा पाटे, शॉक ॲब्सॉर्बर मूळ लांबीचे, पूर्ण ताणलेले. हे सगळे बसवून कुणीतरी त्याच्या हाती पावती दिली होती.

मी जादा पाटे काढले, ठोकळे तसेच ठेवले. उरलेल्या पाट्यांच्या मधे ग्रीस भरले, कमानीच्या टोकाच्या शॅकलचे रबरी बुश बदलले, उंचीला जुळणारे लांब आणि मऊ शॉक ॲब्सॉर्बर लावले, टायरची हवा कमी केली. दोन बोटे उंची गेली. तो कुरकुरला. मग मी पाण्याने काठोकाठ भरलेले जेवणाचे ताट मागच्या फरशीवर ठेवले आणि त्याला रिकामी गाडी खड्ड्यांतून चालवायला लावली. निम्मे पाणी ताटात राहीपर्यंत मी गाडी परत देत नाही. तीन फेऱ्या लागल्या.

"काका, एवढं कोण बघतं?"

"तुझी आई," मी म्हणालो.

दर वर्षी त्या तारखेला मी कन्नडला जातो आणि तिथून जीपने पगारेच्या गावी. गावच्या वेशीवर त्याचा अर्धपुतळा आहे. पंचशील म्हटले जाते, हार घातला जातो, भाषणे होतात. मग मी त्याच्या घरी बसतो. त्याची आई दर वर्षी एकच विचारते.

"बाबा, त्याला लई तरास झाला का रं?"

दर वर्षी मी सांगायचो, नाही, तो शुद्धीवर नव्हता. या वर्षी मला ते जमले नाही. मी तिला जीपचे सांगितले. जादा पाटे, गोण्या, सही, आदळत गेलेले सहा किलोमीटर आणि दगड घातल्यावरचे आठ.

"शुद्धीवर व्हता?"

"होता, आई. गाडी आदळते हे त्यानं मला आधी तीनदा सांगितलं होतं. मी लिहिलं नाही."

बाहेर मंडपाच्या खुर्च्या गोळा करत होते.

"आठ कोस का आठ किलोमीटर?" तिने विचारले.

"किलोमीटर."

"तेवढं तरी नीट गेला."

"हो."

"मंग ते सहाचंबी लिवून ठिव," ती म्हणाली. "भाषणात कुणी सांगत नाय."

लान्स नाईक रमेश पगारे. नऊ वर्षे सेवा. ड्रायव्हर म्हणून त्याच्या हातून एकही अपघात झाला नाही. दोन नंबरच्या जीपबद्दल त्याची तक्रार होती की रिकामी असताना ती आदळते. तक्रार बरोबर होती.