बाईंचं लिंबाचं झाड

लेकीने शाळेसाठी बरणीत हिरव्या अळ्या पाळल्या होत्या. त्यांना लिंबाचं पान कडेकडेने कुरतडताना पाहिलं आणि मला चौथीतल्या बाई आठवल्या. फळ्यावर फुलपाखराचं जीवनचक्र काढून झाल्यावर त्यांनी मी आणलेली अळी चपलेखाली चिरडली होती. "चित्र आहे ना? मग ही घाण कशाला?"

फरशीवरच्या तेवढ्याशा हिरव्या डागाचा राग किती वर्षं टिकतो! कोषासारखा, न हलता.

बाई आता आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, कुंडीतल्या लिंबाला जिवापाड जपतात. लेकीच्या सातही अळ्या मी गुपचूप त्यावर सोडल्या.

आठवड्याने बाई रडवेल्या होऊन वर आल्या. "अगं, एक पान उरलं नाही गं!"

"थांबा ना बाई," मी म्हटलं, "यापुढचं चित्र तुम्हीच काढलं होतंत."