पाणबुडीचे तीन तुकडे

आमच्या घरात एक पाणबुडी भाजीच्या सुरीनं चिरली गेली आणि ती मीच चिरली.

पाणबुडी कादंबरीतली होती. माझे सासरे, अप्पा, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी नौदलाच्या पाणबुडीवर एक थरारक कादंबरी लिहिली: 'अथांग शत्रू'. (अप्पांनी पाणबुडी कधी पाहिलेली नाही. पण पाण्याचा दाब म्हणजे त्यांच्या हातचा मळ!) तिची एकच प्रत कुणाच्या तरी बॅगेतून, भाजणी आणि गोडा मसाल्याच्या मधून, दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्याकडे पोहोचली. पाठोपाठ फोन आला.

"सूनबाई, शनिवारी रात्री दुबईला येतोय. तू, नितीन आणि शेजारची शिल्पा, तिघांनी वाचून ठेवा. गोड बोलू नका. तुमची मतं ऐकूनच ठरवणार, दुसरा भाग लिहायचा की पेन खाली ठेवायचं."

म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाचं पेन आता आमच्या हातात! आणि पुस्तक एवढं जाड, की उशाला घेऊन झोपावं. नितीनचं ऑडिट, आमच्या लेकीची, इराची परीक्षा, माझं ऑफिस. वाचायचं कुणी आणि कधी?

उपाय शिल्पानं सुचवला. "अगं, दिवाळीचा फराळ कसा करतो आपण? तू करंज्या, मी चकल्या, मग वाटून घेतो. पुस्तकाचंही तसंच करू. शनिवारी सकाळी बसून एकमेकांना गोष्ट सांगू. खलास!"

मला ही कल्पना इतकी पटली, की मी तिथल्या तिथे सुरी घेतली. पहिला तुकडा नितीनला (मेट्रोत वाचायला), मधला मला, शेवटचा शिल्पाला.

शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा फोन. "सूनबाई, एक दिवस आधीचं तिकीट मिळालं. एअरपोर्टवर उभा आहे. सरप्राइज!"

नितीन गाडी घेऊन पळाला. मी तिन्ही तुकडे गोळा केले आणि पार्सलच्या खाकी टेपनं हाताला येतील तसे चिकटवले. गोष्ट कुणी कुणाला सांगितलीच नव्हती! "घाबरू नकोस," शिल्पा म्हणाली, "प्रत्येकानं आपापल्या तुकड्यापुरतंच बोलायचं."

चहा झाला. अप्पा सोफ्यावर ताठ बसले. "हं. बोला."

"अप्पा, तो कॅप्टन सरनोबत!" नितीननं सुरुवात केली. "काय देशभक्त माणूस! ती शपथ वाचताना मेट्रोत डोळे भरून आले माझे."

माझ्या तुकड्यात याच सरनोबतानं नकाशे शत्रूला विकले होते. मला राहवेना. "देशभक्त? गद्दार आहे मेला!"

"गद्दार? सरनोबत?" नितीन कपबशी ठेवून उठलाच. "आर यू सीरियस? आईच्या पायाला हात लावून निघालाय तो!"

"पायाला हात लावला म्हणून काय झालं? त्या बिचाऱ्या लेफ्टनंट रेवतीला त्यानंच बुडवलं!"

"बुडवलं?" आता शिल्पा गोंधळली. "अगं, शेवटी तिचं लग्न लागतं ना त्याच्याशी! किती गोड लिहिलंय अप्पांनी."

"बुडालेल्या बाईचं लग्न?" मी ओरडले.

"ही रेवती कोण?" नितीन म्हणाला.

अप्पा एकदा माझ्याकडे, एकदा नितीनकडे, एकदा शिल्पाकडे बघत होते. आपण नक्की काय लिहिलंय, अशी शंका खुद्द लेखकाच्या चेहऱ्यावर दिसायला लागली. आम्ही मात्र आता थांबत नव्हतो. मी नितीनला "तुला माणसं ओळखताच येत नाहीत" म्हणाले. तो म्हणाला, "तुझा संशयी स्वभावच तसा!" प्रकरण पाणबुडीतून बाहेर पडून आमच्या संसारात शिरलं.

तेवढ्यात इरानं आयपॅडवरून मान वर केली. "आजोबा, दे ओन्ली रेड देअर ओन पीसेस. आई कट युअर बुक. विथ द अनियन नाइफ."

अप्पांनी हात पुढे केला आणि मी पुस्तक आणून दिलं. त्यांनी ते उघडलं. एका पानावर लग्न लागत होतं, त्याच्या पुढच्याच पानावर नवरी बुडत होती. पुस्तकाला कांद्याचा वास येत होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. इतक्या हौसेनं लिहिलं होतं हो त्यांनी! मला खरंच रडू यायला लागलं.

"अप्पा, चुकलं माझं. पण पेन खाली ठेवू नका."

"म्हणजे आत्ता मतं दिलीत ते नाटक होतं?"

"मतं नाटकी होती. पण भांडण खरं होतं! गद्दारच आहे तो!"

"नाहीये!" नितीन.

अप्पांच्या मिशा हलल्या. मग खांदे हलले. मग ते डोळे पुसेपर्यंत हसले. "नोकरीभर रिपोर्ट लिहिले, एकानंही उघडून बघितले नाहीत. आणि माझ्या सरनोबतावरून तुम्ही नवरा-बायको हमरीतुमरीवर येता! लिहिणार मी दुसरा भाग."

"पण अप्पा, तो गद्दार आहे की नाही?"

"वाचा की!" असं म्हणून त्यांनी ती प्रत आपल्या बॅगेत टाकली. जाताना पुण्याला घेऊन गेले, बाइंडरला दाखवायला. आम्ही होतो तिथेच राहिलो. सरनोबताचं नाव निघालं की आजही आमच्याकडे जेवताना अबोला होतो.

गेल्या महिन्यात दुसऱ्या भागाचं हस्तलिखित आलं. रबरबँड लावलेले तीन गठ्ठे, प्रत्येकावर नाव, आणि वर एक चिठ्ठी: "सूनबाई, पानं सुटीच पाठवतोय. सुरी कांद्यालाच राहू दे."

आता तरी त्या सरनोबताचा एकदाचा निकाल लागेल, म्हणून मी अधीरतेनं माझा गठ्ठा सोडला. पहिलीच ओळ होती: 'म्हणूनच सरनोबतानं तिला खरं सांगितलं नाही.'

अप्पांनी मला पुन्हा मधलाच तुकडा दिला होता!