बंपरला कल्हई

लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासऱ्यांशी मी थेट एक शब्द बोलले नव्हते. आमच्याकडे तशी रीतच होती. आबा ओसरीवर आले की मी पदर ओढून दाराआड, आणि काही सांगायचंच असलं तर नवऱ्यामार्फत.

जुनी फियाट म्हणजे आबांचा जीव की प्राण. नवरा त्यांना चिडवायचा, "आबा, डोळे गेले आता तुमचे, ड्रायव्हर ठेवा." आबा असे भडकायचे की चहा बशीतच निवायचा. त्यांना चोरून नवऱ्याने मला मेहरूण तलावाच्या बाजूला गाडी शिकवली होती. कळलं तर आबा मला पिंपळनेरला, माहेरी धाडतील, अशी माझी खात्रीच होती.

एकदा नवरा साक्रीला फिरतीवर होता. आबा आदल्या दिवशीच धुळ्याहून गाडी घेऊन आले होते आणि सकाळी टांग्याने बाजारात गेले. मला अवदसा आठवली. म्हटलं, नुसती शेडबाहेर काढायची आणि परत आत ठेवायची. बाहेर निघाली नीट. आत नेताना मात्र पुढच्या बंपरचा कोपरा खांबाला करकरत घासला.

मी उतरून पाहिलं. चकचकीत मुलामा हातभर खरवडला होता. राखेने घासलं, चिंचेने घासलं, ओरखडा तसाच. तेवढ्यात गल्लीत आरोळी आली, "कल्हईऽऽ!" पितळी भांडं चकाकतं, तर बंपर का नाही? त्या घाबरलेल्या डोक्याला ते अगदी पटलं. नवऱ्याच्या पेटीतला पाना घेऊन गंजलेले नट कसेबसे सोडवले, बोटं सोलली, आणि बंपर कडेवर घेऊन निघाले.

कल्हईवाला माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, हाई भांडं नही शे."

"तू कर रे बाबा."

त्याने भाता मारला, कोपरा तापवला, नवसागर टाकला, कथील फिरवलं. कथील धरेचना, ओघळून खाली. उलट बंपर आधी पिवळा पडला आणि मग निळा. त्याने पैसेही घेतले नाहीत. मी रडत रडत तो परत बसवला. शेवटचा नट आवळते तोच दारात टांगा थांबला. मी पाना पदरात लपवून घरात पळाले.

आबा गाडीपाशी गेले. दाराच्या फटीतून मी बघत होते. ते वाकले. निळ्या डागावरून बोट फिरवलं, नखाने खरवडून पाहिलं. किती तरी वेळ ते उठलेच नाहीत. उठले तेव्हा चेहरा पांढराफटक. एवढे घाबरलेले आबा मी कधी पाहिले नव्हते. मग ते दाराकडे तोंड करून म्हणाले, "पोरी, काल कोन्या तरी निया ट्रकले गाडी घसायनी, अन माले समजनं बी नही. पोऱ्या खरंच सांगे. मना डोया गयात." तापून पडलेला निळा डाग त्यांना ट्रकचा रंग वाटला होता. किल्ली उंबऱ्यावर ठेवून ते आत गेले.

दाराआडून एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. रीत होती म्हणून नाही, भीती वाटली म्हणून.

नवरा आला, त्यालाही ट्रकचीच गोष्ट खरी वाटली, आणि गाडी आता मी चालवीन असं त्याने सांगून टाकलं. सुनेला गाडी येते हे आबांनी निमूट ऐकलं. महिन्याभराने त्यांना डोळे दाखवायला धुळ्याला मीच घेऊन निघाले. नवरा मागे, आबा माझ्या शेजारी. पारोळा मागे पडल्यावर समोर लांबवर रस्त्याच्या कडेला काहीतरी पांढरं दिसत होतं.

"धुळं बत्तीस," आबा सहज म्हणाले.

मला मैलाच्या दगडावरचा तो आकडा वाचता यायला अजून बरंच अंतर जावं लागलं. बत्तीसच होता. नकळत माझा पाय ब्रेकवर गेला आणि आबा म्हणाले, "भिऊ नको पोरी, बरी चालाडस तू."